चुलीजवळची ढेकळं

"अजून काही नाही?" कादिरालीने दारातूनच विचारलं.

त्याच्या सुनेने, सैराकानने, नकारार्थी मान हलवली. चुलीशेजारच्या घमेल्यांत मुळांसकट गवताची ढेकळं होती. सासऱ्याच्या गोठलेल्या कुरणातून तिने ती कुऱ्हाडीने फोडून आणली होती. घरच्या उबेत फुटली, तर कुरण जगलं म्हणायचं.

नारीन नदीच्या वरच्या अंगाला, गवताच्या संशोधन केंद्रात, ती लग्न झाल्यापासून कामाला होती. कुठलं गवत थंडीत तगतं, हेच बघत तिचं आयुष्य गेलं. कुरणात पेरलेल्या ब्रोम गवताने भलेभले हिवाळे बर्फाखाली झोपून काढले होते. यंदा मात्र फेब्रुवारीतच ऊन तापलं. बर्फ वितळलं, गवत फसलं, त्याने कोंब काढले. मग थंडी परतली आणि ते पाणी मुळांवरच गोठलं.

"कोमट पाणी घालून बघ."

"घातलं, बाबा."

"मग बोल त्यांच्याशी. नाहीतरी माझ्यापेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलतेस."

ती हसली.

काही दिवसांनी म्हातारा ओरडला, "सैराकान! अगं, फुटलं!"

ती कणकेच्या हातांनीच धावली. ढेकळाच्या कडेला सुतासारखं एक हिरवं पातं होतं.

"हे आपलं नाही, बाबा. डोंगरातलं रानगवत आहे. चुकून सोबत आलंय."

"गवतच ना?"

"ते कशातही जगतं. पण बोटभरच वाढतं. कापून गंजी कशी रचणार?"

तिने ब्रोमचा एक ठोंब नखाने चिरला. आत तपकिरी, मऊ. कादिरालीने वाकून वास घेतला.

"दुसरा?"

तिने दुसरा चिरला. तिसऱ्याचं त्याने विचारलं नाही.

"नवीन बी पेरलं तर?"

"यंदा कापणी नाही मिळायची."

"इतकी वर्षं गवतात घालवलीस, पोरी. काहीच करता येत नाही?"

सैराकान हाताची सुकलेली कणीक खरवडत राहिली.

उरलेला चारा मेंढ्यांनाच जेमतेम पुरणार होता. रविवारी दोघं घरची करडी घोडी घेऊन बाजारात उतरली. घोडी गाभण होती. गिऱ्हाईक खाटीक होता, हे दोघांनाही कळलं.

रीतीप्रमाणे कादिरालीने घोडीची मोरखी, तोंडावरची दोरी, काढून स्वतःच्या खांद्यावर टाकली; जनावर विकलं तरी मोरखी घरीच ठेवायची. खाटकाने घोडीच्या गळ्यात दोर अडकवला. घोडी हलेना. तिने मान वळवली आणि म्हाताऱ्याच्या खांद्याशी तोंड आणलं.

"ओढू नकोस," तो खाटकाला म्हणाला.

तिच्या आयाळीवर हात ठेवून तोच खाटकाच्या ट्रककडे चालू लागला. घोडी मुकाट्याने त्याच्यासोबत ट्रकमध्ये चढली.