शेवटचा कोरा पत्ता

मित्रांनो, समोरचं मशीन तापायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात मला माझी सगळी कहाणी सांगून टाकायची आहे. मी पत्त्यांचा एक जुना कॅट आहे. मात्र माझ्यात राजा, राणी, गुलाम शोधू नका. माझ्यात गवत आहे, नाकतोडा आहे, बेडूक, साप, गरुड आहेत. असे साठ पत्ते मिळून मी झालो. आज मला प्लास्टिकच्या दोन थरांत कायमचं बंद करायला या बाइंडरच्या दुकानात आणलं आहे. त्यामुळे मी शंभर वर्षं टिकेन म्हणतात. खरं सांगतो, मला भीती वाटते.

माझा जन्म याच दुकानात, याच टेबलावर झाला. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी चित्रं काढली आणि त्यांच्या थोरल्या भावाने, बाइंडरदादांनी, ती पुठ्ठ्यावर चिकटवून मला कापलं. दादांचा हात इतका साफ की साठच्या साठ पत्ते एकावर एक ठेवले तरी एकही कड बोटाला लागायची नाही. पण माणूस जन्मभर पुस्तकं बांधलेला. पुस्तकाच्या आधी एक आणि शेवटी एक कोरं पान लावायची सवय त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. मलाही त्यांनी पुढे-मागे एकेक कोरा पत्ता लावून दिला. बाई हसून हसून बेजार झाल्या. पुढच्या कोऱ्या पत्त्यावर त्यांनी खेळाचे नियम लिहिले. मागचा तसाच राहिला, आणि मला त्याची उगीचच लाज वाटायची.

नियम सोपे होते. गवतावर नाकतोडा टाकायचा, नाकतोड्यावर बेडूक, बेडकावर साप, सापावर गरुड. गरुड पडला की साखळी पूर्ण, आणि ज्याचा गरुड त्याचा सगळा हात. मग काय, वर्गात सगळ्यांना गरुडच हवा. गवत आलं की तोंडं वाकडी व्हायची. मीही त्यांच्यातलाच. गरुडाच्या पत्त्याचा मला भारी तोरा होता.

त्याच वर्गात दादांची मुलगी होती. आत्याच आपल्या बाई, म्हणून ती बिचारी जरा जपूनच वागायची. घरट्यातून पडलेलं कबुतराचं पिल्लू तिने हाताने भरवून वाढवलं होतं. ते मोठं झालं, दुकानाच्या खिडकीत घुमू लागलं आणि एके दिवशी मेलं. शाळेच्या मागच्या भिंतीलगत तिने ते पुरलं. त्यानंतर दोन महिने ती माझ्याकडे फिरकली नाही. मग एकदा बसली, तिला नेमका गरुड आला, आणि तिने तो खाली टाकलाच नाही. हातात धरून तिने विचारलं, "आत्या, गरुड मेल्यावर त्याच्यावर कुठला पत्ता टाकायचा?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. सात महिने खपून केलेल्या खेळात आपण मरणच विसरलो, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी मला उचललं आणि सगळ्या वर्गाला घेऊन त्या भिंतीमागे गेल्या.

मित्रांनो, तोवर मी सगळे जीव चित्रातच पाहिले होते. बाईंनी काडीने कबुतर पुरलेल्या जागेवरची कुजकी पानं हलकेच बाजूला सारली. खाली पांढरे धागे पसरले होते, दादांच्या शिवणीच्या दोऱ्याहून कितीतरी बारीक. ती बुरशी होती. एक गांडूळ अंग आखडून मातीत शिरलं. टाचणीच्या डोक्याएवढे किडे आपापल्या कामाला लागले होते. आणि तेवढ्याच जागेवरचं गवत आजूबाजूच्या गवतापेक्षा उंच, गर्द हिरवं होतं. त्यावर एक नाकतोडा बसला होता, अगदी माझ्यातल्यासारखा, पण श्वास घेणारा. मी थक्क झालो. माझ्या साठ पत्त्यांत न मावलेलं केवढं मोठं काम त्या वीतभर मातीत मुकाट्याने चाललं होतं. चाळीस मुलं एकमेकांच्या खांद्यांवरून वाकून बघत होती.

बाई भाचीजवळ खाली बसल्या. "ते परत येणार नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "पण त्याच्यातलं काहीच वाया गेलेलं नाही."

मुलगी त्या गवताकडे बघत राहिली, मग पोटभर रडली. त्या संध्याकाळी वडिलांच्या टेबलावर बसून तिने माझ्या शेवटच्या कोऱ्या पत्त्यावर ते पांढरे धागे काढले. खाली लिहिलं: हा पत्ता कशावरही टाकता येतो, आणि याच्यावर गवत टाकता येतं. झालं. त्या दिवसापासून माझा डाव संपेचना. गरुडावर बुरशी, बुरशीवर गवत, की पुन्हा नाकतोडा. बुरशी एकच, म्हणून ती ज्याला हवी त्याला सारखी उचलून द्यावी लागायची. कोण जिंकलं हे विचारायचं मुलं विसरूनच गेली. घंटा झाली की नाइलाजाने उठायची.

पुढे बाई निवृत्त झाल्या. वर्गात चित्रफिती दाखवणारा मोठा पडदा आला. मी कपाटाच्या तळाशी गेलो, ओल खाल्ली, कसरीने माझे कोपरे कुरतडले. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? मागच्या आठवड्यात शाळेच्या ग्रंथपालांना मी सापडलो आणि जपून ठेवायचं म्हणून ते मला इथे देऊन गेले.

आता दुकान ती मुलगीच सांभाळते. दादा थकलेत, पण रोज येऊन बसतात. मशीनचा दिवा लागला आहे. तिने माझा शेवटचा पत्ता उचलला. तिनेच काढलेल्या धाग्यांवर आता खऱ्या बुरशीचा डाग पडला आहे. ती थांबली.

"बाबा, याला प्लास्टिक चढवलं तर याला कधीच कोणी खाऊ शकणार नाही."

दादांनी मशीनचं बटण बंद केलं.

तिने ग्रंथपालांना फोन करून समजावलं. नवा कॅट ती करून देणार आहे. पुठ्ठा कापायला दादा स्वतः बसले आहेत, आणि त्यांनी सवयीने पुढे एक, मागे एक कोरा पत्ता लावून ठेवलाय. या वेळी त्यांना कोणी हसलं नाही.

मित्रांनो, वस्तू जपा. माझ्यासारख्यांना कपाटात कोंडू नका, कडा झिजेपर्यंत खेळा. नव्या कॅटमधला मागचा कोरा पत्ता तुमचा आहे. आमच्याकडून अजून काय विसरलं गेलंय ते शोधून त्यावर काढा. मला उद्या सकाळी ती शाळेच्या भिंतीमागे नेऊन मातीत ठेवणार आहे. जन्मभर मी गरुडाचा तोरा मिरवला. उद्या पहिल्यांदा मी गवताच्या कामी येईन.