सोपं भिरभिरं

मावशी चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची. दिवसभर केसाएवढ्या फरकाशी झटापट. म्हणून तिने रजा काढली होती ती निव्वळ लोळायला. तेवढ्यात बहिणीचा फोन आला. "पोरांच्या शाळेला सुट्टी आणि आम्ही दोघंही कामावर. आजच्या दिवस बघशील ना गं?" नाही म्हणायच्या आत तिघंही दारात हजर.

थोरली बारा वर्षांची, कानात हेडफोन घालून सोफ्यावर आडवी. मधला सात वर्षांचा, तोंडाचा पट्टा अखंड चालू. आणि चिमी तीन वर्षांची, हाती लागेल ते तोंडात.

मावशीने मोबाईलवर लहानमोठ्या सगळ्या मुलांना जमतील अशी कागदी खेळणी शोधली. व्हिडिओतल्या बाई हसत हसत भिरभिरं करत होत्या आणि त्यांच्या टेबलावर एक कपटासुद्धा पडलेला नव्हता. तेव्हाच तिला संशय यायला हवा होता.

"हे बघा, कोपऱ्यांतून आत कापायचं, टोकं मधे आणून डिंकाने चिकटवायची, टाचणी टोचायची. झालं!"

मधल्याने कात्री सरळ आरपार नेली. हातात चार त्रिकोण.

"मावशी, माझं तुटलं."

"तुटलं नाही, तू कापलंस!"

"तूच म्हणालीस कापायचं."

तिने दुसरा कागद दिला. त्याचेही त्रिकोण झाले. तोवर चिमीने डिंकाच्या बशीत पंजा बुडवून तो खुर्चीवर, फ्रिजवर आणि मावशीच्या पाठीवर उमटवला होता.

"अगं, तू तरी ये ना मदतीला," मावशीने थोरलीला हाक मारली.

"मी काय लहान आहे?" थोरली डोळे न उचलता म्हणाली.

मावशीचं डोकं सणकलं. "आणा इकडे ती कात्री. मीच करते सगळी."

"मग आम्ही काय करू?" मधल्याने विचारलं.

"बघा!"

पट्टी लावून, रेघा आखून, जीभ दातांत धरून मावशी कामाला लागली. बघण्यात कोणाला रस असतो? मधला उठला, खणातून चपला चिकटवायची ट्यूब शोधून आणली आणि आपले त्रिकोण जोडायला बसला. ट्यूब दाबली ती टेबलावरच. वाकलेल्या मावशीची वेणी नेमकी त्यात पडली.

चिमी पुन्हा डिंकाकडे निघाली म्हणून मावशी उठायला गेली, आणि जागच्या जागी खेचली गेली.

"आई गं! अरे, काय सांडलंस?"

"काही नाही," मधला म्हणाला आणि टेबलाखाली गेला.

थोरलीने हेडफोन काढले. आली, बघितलं, आणि पोट धरधरून हसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

"हसतेस काय? सोडव मला!"

"सुटणार नाही गं हे. कापावं लागेल. हलू नकोस."

कचकन आवाज झाला. वेणीचा शेंडा टेबलावरच राहिला. मावशीने मानेवरून हात फिरवला आणि तिला रडू की हसू तेच कळेना. "मला नाही जमत," ती खाली बसत म्हणाली. "तुम्हीच काय ते करा."

थोरलीने टेबलाखालून भावाला बाहेर ओढलं. कोऱ्या कागदाच्या मधोमध तिने पेनाने मोठा ठिपका काढला. "हा खड्डा. कात्री याच्या आधी थांबवायची. पडलास तर मेलास."

मधला श्वास रोखून कापत गेला आणि ठिपक्यापाशी थांबला. चारही वेळा. चिमीपुढे थोरलीने जुनं वर्तमानपत्र टाकलं. "फाड." चिमी मन लावून फाडत बसली, कपटे थोरलीच्या मांडीवर नेऊन टाकू लागली.

एवढंच तर करायचं होतं. मावशीला स्वतःचाच राग आला. पट्टीने आखताना तिला हे कसं सुचलं नाही? मग तिला थोरलीचाही आला. "हे सकाळीच का नाही केलंस?"

"तू कात्री कुणाकडे राहू दिलीस का?" थोरली शांतपणे म्हणाली.

मावशी फडकं शोधायला उठली.

मधल्याचं भिरभिरं वाकडं होतं, एक पातं मुडपलेलं, तरी फुंकर मारली की फिरायचं. तो गॅलरीत धावला, मागून चिमी, आणि शेवटी, कोणी बघत नाही असं वाटून, थोरलीही. मावशी फ्रिजवरचे पंजे पुसत राहिली. तेवढ्यात मधला परत आला.

"मावशी, आता विमान करूया?"

तिने फडकं खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, "त्याला चिकटवावं लागत नाही ना रे?"