सुमेधाने बांधलेली गाडी

मी एक जुनी मोटारगाडी आहे. आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, मी रागावलेली आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावं, झालं गेलं विसरून जावं, अशी तुमची अपेक्षा असते. ती माझ्याकडून ठेवू नका.

अमेरिकेत डेट्रॉइट शहराजवळ ट्रॉय नावाचं गाव आहे. तिथल्या एका घराच्या गॅरेजमध्ये मी राहते. माझ्यासारखीला इथे हॉट रॉड म्हणतात. जुन्या काळच्या गाडीचा सांगाडा घ्यायचा, त्यात दणकट इंजिन बसवायचं, छप्पर कापून बुटकं करायचं, आणि हे सगळं घरच्या घरी, आपल्या हातांनी. त्यामुळे माझ्यासारखी दुसरी गाडी जगात नाही. मला बांधलं सुमेधाने. हे नाव नीट लक्षात ठेवा, कारण पुढे बरेच लोक ते विसरणार आहेत.

सुमेधा नागपूरची, मेकॅनिकल इंजिनिअर. २००१ साली ती नवऱ्याबरोबर, मोरेश्वरबरोबर, इथे आली. तो कॉम्प्युटरवाला, त्याला नोकरी होती. तिच्या व्हिसावर मात्र नोकरीची परवानगी नव्हती. शिकायची होती, कमवायची नव्हती. नागपुरात कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर चारचौघांना कामाला लावणारी बाई इथे दिवसभर खिडकीतून बर्फ बघत बसली. मग तिने जवळच्या कॉलेजात वेल्डिंगच्या वर्गात नाव घातलं.

तेव्हा मी शेजारच्या वॉल्टच्या शेडमध्ये पडले होते. ना इंजिन, ना चाकं. नुसता गंजका सांगाडा आणि आत उंदरांचा संसार. वॉल्ट म्हातारा झाला होता, मला बांधणं त्याच्याकडून होणार नव्हतं. सुमेधा त्याच्याकडे शिडी मागायला आली आणि मला बघून तिथेच उकिडवी बसली. माझ्या तळाच्या पत्र्यावर तिने बोटाने टकटक केलं. वॉल्ट म्हणाला, "टेक हर. उंदरांचं मी बघतो."

दोन हिवाळे ती माझ्यावर खपली. गंज खरवडला, नवा पत्रा जोडला, एका शेतावरच्या मोडक्या ट्रकमधलं आठ सिलिंडरचं इंजिन आणून त्याचा स्क्रू न् स्क्रू सुटा केला. मला रंग दिला तोही खास, वांगी. इथल्या मराठी मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या की गॅरेजमध्ये डोकावून हसायच्या. "नवरा कोडिंग करतो आणि बायको वेल्डिंग!" पद्मिनीकाकू तर तोंडावर म्हणाल्या, "एवढा वेळ आहे तर एखादं मूल तरी होऊ दे, बाई." सुमेधाने पाना खाली ठेवला, हात पुसले आणि म्हणाली, "काकू, चहा घ्याल ना?" माझ्या अंगात तेव्हा इंजिन असतं तर मी काकूंच्या पैठणीवर काळा धूर सोडला असता.

२००४ च्या वसंतात मी पहिल्यांदा चालू झाले. सगळी गल्ली दारात आली. मोरेश्वर टाळ्या वाजवत होता, खोटं कशाला बोलू? माणूस वाईट नव्हता. पण वाईट नसलेली माणसंच कधी कधी फार वाईट वागतात.

त्या उन्हाळ्यात आम्ही जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला गेलो. सुमेधा फडक्याने माझं नाक पुसत होती. टोपीवाला एक गृहस्थ आला आणि तिच्या डोक्यावरून मोरेश्वरला म्हणाला, "ब्यूटिफुल! तुम्ही बांधली?"

"नो, नो, माय वाइफ," मोरेश्वर म्हणाला.

गृहस्थ मोठ्याने हसला, त्याची पाठ थोपटली आणि कार्बोरेटरबद्दल त्यालाच विचारू लागला. मोरेश्वरला कार्बोरेटर कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. पुढच्या माणसालाही त्याने खरं सांगितलं. त्यानंतर जो आला त्याला मात्र तो नुसतं "थँक्स" म्हणाला.

घरी जाताना सुमेधाने विचारलं, "थँक्स का म्हणालास?"

"अगं, प्रत्येकाला काय समजावत बसायचं? सोड ना यार."

तिने सोडलं. मी सोडलं नाही. त्या 'थँक्स'ची त्याला हळूहळू सवय झाली, मग गोडी लागली. ऑफिसात त्याच्या टेबलावर माझा फोटो आला. मंडळात तो 'हॉट रॉडवाला मोरेश्वर' झाला.

मित्रांनो, माझ्यासारखी गाडी सांभाळणं म्हणजे काय, ते ऐका. दर वेळी निघण्याआधी पाणी बघायचं, तेल बघायचं. प्लगवरची काजळी काढायची. माझे ब्रेक जुन्या पद्धतीचे, म्हणून पुढच्या गाडीपासून लांब राहायचं. हिवाळ्यात बॅटरी काढून घरात ठेवायची, चाकांखाली लाकडी ठोकळे द्यायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मला रांगायला लावायचं नाही. धावताना वारा माझ्या रेडिएटरला थंड ठेवतो. मुंगीच्या पावलाने चालवलं की मी तापते. सुमेधाची एक नजर रस्त्यावर आणि एक तापमानाच्या काट्यावर असायची.

२००६ च्या ऑगस्टमध्ये तिच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं आणि ती नागपूरला गेली. जाताना मोरेश्वरला बजावून गेली, "गाडीला हात लावू नकोस. आल्यावर मी बघीन."

गणपती आले. मंडळाचे अध्यक्ष उल्हासकाका घरी आले आणि म्हणाले, "मोरेश्वर, विसर्जनाची मिरवणूक तुझ्या गाडीतून काढू. फुल धमाल!"

तुझ्या गाडीतून! मी गॅरेजमध्ये कान देऊन होते. आता तरी हा म्हणेल, सुमेधाला विचारतो. फोन काय नागपूरला लागत नव्हता? पण तो म्हणाला, "व्हाय नॉट, काका!"

त्यांनी माझ्या वांगी रंगावर चिकटपट्ट्या लावल्या. हेडलाइटवर थर्माकोलची कमळं डकवली. जाळीपुढे, जिथून मी श्वास घेते तिथेच, मंडळाचा फलक बांधला. भर उन्हात, मंडळाने उत्सवासाठी घेतलेल्या शाळेच्या पार्किंगमध्ये मला ढोलताशाच्या मागे रांगवलं. गणपतीबाप्पा माझ्या मांडीवर होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांनाही उकडत असावं. काटा चढत चढत लाल रेघेपलीकडे गेला. मोरेश्वर हात उंचावून लोकांना अभिवादन करत होता. मी ठोके दिले, आचके दिले, शेवटी वाफ सोडली. लोकांना वाटलं, हीपण आतषबाजीच! टाळ्या पडल्या.

मी बंद पडले तेव्हा तो उतरला. कुणीतरी ओरडलं, "पाणी ओता, पाणी!" कूलरमधलं बर्फाचं पाणी आणून त्यांनी माझ्या तापलेल्या पोटात ओतलं. मित्रांनो, तापलेल्या बिडाच्या लोखंडावर गार पाणी ओतू नये, हे तुम्हाला शाळेतही शिकवतात. माझ्या इंजिनाला आरपार तडा गेला. मला तो ऐकू आला. ढोलांमुळे आणखी कुणाला ऐकू आला नाही.

उल्हासकाका म्हणाले, "जाऊ दे रे, भंगारच ते. गणपती माझ्या व्हॅनमध्ये घ्या."

मला ढकलत घरी आणलं आणि वर ताडपत्री टाकली. फोनवर सुमेधा वडिलांचं सांगून झालं की विचारायची, "गाडी कशी आहे?"

"मस्त आहे," तो म्हणायचा.

वडील बरे झाले आणि पानगळीच्या दिवसांत ती परतली. बॅगा उघडायच्या आधी गॅरेजमध्ये आली. ताडपत्री काढली. चिकटपट्टीबरोबर निघालेला रंग पाहिला, बॉनेट उघडलं, तड्यावरून बोट फिरवलं. मोरेश्वर दारात उभा होता.

"सॉरी. रियली सॉरी. पण जुनी गाडी आहे यार, होतं असं. आपण दुसरं इंजिन ऑर्डर करू."

"इंजिन मी मिळवीन," सुमेधा म्हणाली. "तू मला एवढंच सांग, उल्हासकाकांना गाडी कुणाची म्हणून दिलीस?"

तो खाली पडलेली ताडपत्री गोळा करू लागला.

"मी इथे नोकरी करू शकत नाही, मोरेश्वर. माझ्या नावावर ना पगार, ना ऑफिसचं कार्ड, ना खुर्ची. ही एक गोष्ट माझी होती. तू तीही 'थँक्स' म्हणून घेऊन टाकलीस." तिने बॉनेट बंद केलं. "मला सॉरी नको. जिथे जिथे खोटं सांगितलंस तिथे जाऊन खरं सांग."

तो संपूर्ण हिवाळा तिने मला दुसरं इंजिन बसवण्यात घालवला. मोरेश्वर रॉकेलमध्ये सुटे भाग धूत बसायचा. कुठला भाग कशाचा, हे त्याला एकेक करून विचारावं लागायचं आणि ती एकेक करून सांगायची.

२००७ च्या गणपतीआधी मंडळाची बैठक याच घराच्या अंगणात झाली. गॅरेजचं दार उघडं होतं. उल्हासकाका म्हणाले, "दुरुस्त झाली म्हणायची! मग मिरवणुकीला यंदाही मोरेश्वरची गाडी!"

मोरेश्वर उठला. कान लाल झाले होते. "काका, गाडी माझी नाही. सुमेधाने बांधली. मी फक्त मोडली. आणि तीन वर्षं तुमच्याकडून कौतुक घेत राहिलो, ते चुकलं."

आणि मित्रांनो, लोक हसले! "वा! बायकोला खूश करतोय!" पद्मिनीकाकूंनी तर डोळे पुसले, इतकं हसू आलं त्यांना. खोटं बोलला तेव्हा सगळ्यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला होता. खरं बोलला तर विनोद झाला.

मोरेश्वर हसला नाही. "मी जोक करत नाहीये," तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने. हसू विझलं. उल्हासकाकांनी कसनुसं होऊन सुमेधाकडे पाहिलं. "बरं, मग सुमेधा, तू देशील ना गाडी?"

"नाही, काका," ती म्हणाली. "बाप्पांना माझा नमस्कार सांगा."

मंडळात बरेच दिवस चर्चा झाली, की सुमेधा फार भाव खाते. खाऊ दे! मिरवणूक उल्हासकाकांच्या व्हॅनमधून निघाली आणि छान झाली. त्या दिवशी आम्ही तळ्याच्या रस्त्याने लांबवर गेलो. चालवत सुमेधा होती. मोरेश्वर शेजारी बसून काट्याकडे बघत होता आणि दर थोड्या वेळाने सांगत होता, "ठीक आहे, अजून ठीक आहे." त्याला मी माफ केलं का? नाही. अजून त्याच्या हाताने मी पहिल्या फटक्यात चालू होत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल द्या, पाणी द्या, ऊनपावसापासून जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते. पण माझं मागणं आणखी एक आहे. एखादी सुंदर वस्तू दिसली की समोर जो उभा असेल त्याची पाठ थोपटू नका. ती कुणी घडवली ते विचारा. उत्तर मिळालं की त्यावर विश्वास ठेवा. आणि जिने घडवली तिला विचारल्याशिवाय किल्लीला हात लावू नका.