डिस्कपर्यंतची सरळ वाट

जेवणाच्या भोंग्याआधी वीज गेली आणि परत आली, तेव्हा मल्लप्पांनी सकाळपासून काढलेली ज्वारीची कणसं कॉम्प्युटरमधून नाहीशी झाली होती.

मल्लप्पा गिरणीतले जुने नक्षीकार. आधी चौकटीच्या कागदावर चादरीची नक्षी रंगवायचे. अठ्ठ्याहत्तर साली गिरणीनं कॉम्प्युटर घेतला, तसे ते टर्मिनलसमोर बसून तेच काम करू लागले.

"तायी, दर ओळीला मी सेव्ह केलं की. यंत्र 'झालं' म्हणालं. मग गेलं कुटं?"

दाक्षायणी गिरणीची एकमेव प्रोग्रामर, मूळची मैंदर्गीची. तिला उत्तर ठाऊक होतं आणि तिनं ते समजावून सांगितलं. डिस्क हळू चालते. म्हणून कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लिहायला दिलेलं सगळं आधी मेमरीत ठेवून घेई, लगेच 'झालं' म्हणे आणि मग सवडीनं डिस्कवर उतरवी. मध्येच वीज गेली की मेमरी कोरी.

"म्हंजे माझं काम त्यानं खिशात ठेवलं," मल्लप्पा म्हणाले, "अन् पेटीत टाकलं म्हणून सांगितलं."

"तसंच अण्णा."

व्यवस्थापक शंकरप्पांना तिनं उपाय सांगितला: नक्षीपुरती मेमरी टाळायची आणि थेट डिस्कवर लिहायचं.

"यंत्र मंद होईल?"

"होईल साहेब."

"संचालक बघायला येणार आहेत. वेगासाठीच तर घेतलं हे. काम जाऊनही चालायचं नाही म्हणा. बरं, करा. पण नक्षीपुरतंच."

तिनं कर्नलमध्ये नवी वाट काढली. मल्लप्पांनी नव्या फाइलला नाव दिलं आणि पहिलं कणीस काढलं. दाक्षायणीनं ती फाइल उघडून पाहिलं, तर नाव होतं आणि कणसाचा पत्ता नव्हता. थोड्या वेळानं तिनं थेट डिस्क तपासली. आता तिथंही कणीस नव्हतं, आणि या वेळी तर वीजही गेली नव्हती!

मल्लप्पांनी जुना चौकटीचा कागद जवळ ओढला. ते पाहून तिला जास्त लागलं.

दोन दिवस ती छापील कोड पुढ्यात घेऊन बसली. घोळ सापडला तेव्हा तिला हसावं की रडावं कळेना. फाइलचं नाव अजून जुन्याच वाटेनं, मेमरीतूनच, जात होतं, आणि नाव नि कणीस डिस्कच्या एकाच तुकड्यावर होती. कणीस थेट डिस्कवर पोचलं खरं, पण मेमरीला त्याची खबरच नव्हती. मेमरीनं नावापुरती भरलेली आपली जुनी प्रत सवडीनं त्याच जागी उतरवली आणि कणीस पुसलं गेलं. मेमरी खोटं बोलली नव्हती. तिला जेवढं ठाऊक होतं, तेवढं तिनं इमानानं लिहिलं होतं. मेमरीला वगळताना तसं तिला कळवायचं दाक्षायणीच विसरली होती.

मग तिनं बदल केला. थेट लिहिण्याआधी त्या तुकड्याची मेमरीतली प्रत डिस्कवर उतरवायची आणि टाकून द्यायची. मल्लप्पांनी कणीस पुन्हा काढलं. यंत्र 'झालं' म्हणताच तिनं स्वतः उठून मेन स्विच पाडला. वीज परत दिली, फाइल उघडली, तर कणीस जागच्या जागी होतं.

संचालक आले, तेव्हा दर ओळीनंतर यंत्र अडून बसलेलं त्यांना दिसलं. एकानं तोंडावरच म्हटलं, "हे तर हातानं लवकर होईल." शंकरप्पांचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर त्यांनी मल्लप्पांना विचारलं, "पहिल्यासारखं जलद करून देऊ का?"

"नको साहेब. थांबतो की. घाई यंत्राला हाय, मला न्हाय."

शंकरप्पांनी मान हलवली आणि विषय तिथंच सोडला.

दाक्षायणीनं मात्र सोडला नाही. काय गेलं तर चालेल आणि काय नाही, हे कर्नल लिहिणाऱ्यानं परस्पर ठरवलं होतं. आपणही तेच करायचं का? दुसऱ्या दिवशी ती खात्याखात्यांत विचारत फिरली. हजेरीवाले म्हणाले, गेली तर कार्डांवरून पुन्हा भरू. रंगखात्यात सोजरबाई रंगांची मापं बसवून कॉम्प्युटरवर नोंदवायच्या. त्यांनी निळे झालेले हात पदराला पुसले.

"डाळिंबी रंग डोळ्यानं जमवलेला असतोय बाई. एकदा गेला की परत तसाच येत न्हाय."

दाक्षायणी आपल्या खोलीत आली आणि रंगखात्याचीही वाट सरळ करायला बसली.