भिंतींआधी उभी राहिलेली चौकट

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी चौकट आहे. माझं लाकूड आलापल्लीच्या जंगलातलं आणि माझ्यावरची वेलबुट्टी अहेरीच्या सुताराची. भामरागडकडच्या एका लहानशा दवाखान्याचं दार मी सांभाळते. चौकट म्हटली की ती भिंतीत बसवलेली असणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझा पहिला पावसाळा मी भिंतींशिवाय काढला.

साल होतं १९५३. नदीपलीकडच्या या गावात बाळंतपणाची खोली बांधायचं ठरलं. पावसाळ्यात इथला रस्ता तुटतो आणि अहेरीचा दवाखाना गाठता येत नाही. आदल्या पावसाळ्यात गावातल्या मंगलीचं पहिलं बाळ नदी ओलांडताना डोंग्यातच, त्या अरुंद लाकडी होडीतच, गेलं होतं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि आषाढात ती बाळंत होणार होती. त्याआधी खोली उभी राहावी, एवढंच गावाचं मागणं होतं.

काम देवाजी ठेकेदाराकडे होतं. माणूस मनाने लोणी, पण भारी उतावळा. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त चुकू नये म्हणून त्याने मला बैलगाडीतून आणलं आणि मोकळ्या जागेवर दोन टेकू देऊन उभं केलं. मला हळदकुंकू लावलं, आंब्याचं तोरण बांधलं, नारळ फोडला. मी अगदी नवरीसारखी मिरवले. मग देवाजी विटा शोधायला निघाला! उन्हाळा सरत आला असताना भट्टी कोण लावणार? तहान लागल्यावर विहीर खणायची, तशातला प्रकार. सिमेंट तर माझ्याही आधी आलं होतं. त्याला छप्पर हवं हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मोहाच्या झाडाखाली रचलेली पोती वळवाच्या एका सरीत दगड झाली.

कामावर लक्ष ठेवायला ओव्हरसियर साहेब होते. तेही भले गृहस्थ, पण डोंग्यात बसायची त्यांना भारी भीती. पलीकडच्या काठावरूनच ते हाक मारत,

"देवाजी, काम कुठवर आलं?"

"चौकट लागली, साहेब! दिसून नाई राह्यली का?"

मी दिसत होतेच. चौकट लागली म्हणजे भिंतीही आता चढणारच, असं धरून साहेब खुशीत सायकल वळवत. पुढच्या खेपेला तोच प्रश्न आणि तेच उत्तर. मला ओरडून सांगावंसं वाटे, पण लाकडाला कुठलं तोंड!

गावची माणसं मात्र फार गोड. दाराची पूजा झाली आहे, म्हणून माझ्या बाजूने कोणी जात नसे. मान लववून माझ्यातून आत, म्हणजे उघड्या माळावर, आणि माझ्यातूनच बाहेर. नर्स इंदुताई मंगलीला तिथेच तपासत. मला हसूही येई आणि लाजही वाटे.

आषाढ आला. नदी दोन्ही काठ भरून वाहू लागली आणि एका सकाळी मंगलीच्या पोटात कळा सुरू झाल्या. तिचा नवरा लच्छू धावत आला.

"ताई, डोंगा काढू का?"

"या पुरात? नाई."

"मंग कुठी नेऊ तिले?"

इंदुताईंनी माझ्याकडे पाहिलं, मग जमलेल्या लोकांकडे. "दार तं हाये ना आपल्यापाशी? मंग खोली इथीच करू. आपापल्या घरच्या ताट्या सोडून आणा."

लोकांनी आपल्या घरांच्या भिंती सोडल्या. त्या बांबूच्या ताट्या माझ्या दोन्ही अंगांना बांधल्या, वर गवत टाकलं. देवाजी भिजत दोर आवळत होता. वाऱ्याने माझे टेकू थरथरत होते, पण मी पाय घट्ट रोवले. मंगली माझ्या खांबाला धरून आत आली. दुपारी बाळाचं रडणं ऐकू आलं. देवाजी माझ्या उंबऱ्यावर बसून लहान पोरासारखा रडला. "चुकलंच माहं, बाई," तो आतल्या मंगलीला म्हणत होता, "आधी विटा पाहाले पायजे होत्या."

पूर ओसरल्यावर साहेबांना लांबून भिंती दिसल्या. आनंदाच्या भरात ते डोळे मिटून का होईना, डोंग्यात बसले. माझ्यासमोर त्यांनी बूट काढले आणि वाकून आत आले.

"अहो, पक्क्या भिंती कुठे आहेत?"

इंदुताईंनी गावाकडे बोट केलं. "याच भिंती हायेत, साहेब. तिकडच्या घरांच्या."

साहेबांनी बाहेर पाहिलं. एका घरात चूल दिसत होती, दुसऱ्यात घोंगडीआड झोपलेलं म्हातारं माणूस. मग त्यांनी खाली वाकून मंगलीजवळ निजलेल्या बाळाच्या पायाला हात लावला.

त्या हिवाळ्यात आधी भट्टी लागली, मग सिमेंटसाठी छप्पर झालं आणि मगच सिमेंट आलं. साहेब दर खेपेला नदी ओलांडून येत, डोळे मिटूनच. भिंती माझ्यापर्यंत चढत आल्या आणि ताट्या घरोघरी परतल्या.

आता मला कोणी तेल लावत नाही. शेळ्या अंग घासतात, पोरं लोंबकळतात. त्या आषाढात जन्मलेली मंगलीची लेक तर अजून मला आपलंच घर समजते. मला त्याचं वाईट वाटत नाही. फक्त तोरणाची आठवण येते कधी कधी.

मित्रांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही काही बांधाल, कोणाच्या बांधकामावर लक्ष ठेवाल. तेव्हा कोणी काठावरून चौकट दाखवली, तर सायकल वळवू नका. नदी ओलांडा, पायातलं काढा, आत या आणि वर बघा, छप्पर आहे का. आत कोणाचं तरी बाळ जन्माला यायचं असतं.