न तुटणारी ओळ

धाकटा भाऊ वकील होता. दिसत नसल्यामुळे खटल्याचे कागद त्याला संगणक वाचून दाखवायचा. तो वाचणारा प्रोग्रॅम जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून बनवलेला. फुकट मिळायचा, पण जोडाक्षर आलं की गिळून मोकळा. ‘साक्षीदारा’चा ‘सादार’ व्हायचा.

“ताई, हा एक दिवस मला कोर्टात तोंडघशी पाडणार,” धाकटा म्हणाला.

ताई प्रोग्रॅमर. तिने पदर खोचला. उच्चारांच्या तक्त्यात जोडाक्षरंच नव्हती. ती तिने भरली. पण तक्त्यात एका भाषेची सगळी अक्षरं एकाच ओळीत लागत. ओळ मारुतीच्या शेपटासारखी वाढली.

दुरुस्तीचा तुकडा, म्हणजे पॅच, ईमेलच्या मजकुरातच पाठवायचा, सोबत फाइल जोडलेली चालणार नाही, हा प्रकल्प सांभाळणाऱ्या गृहस्थांचा दंडक. ताईने तसा पाठवला. उत्तर आलं, “पॅच लागत नाही. ओळ तुटली आहे.”

तिच्या ईमेलच्या प्रोग्रॅमने नीटनेटकेपणाच्या नादात ओळीचे तुकडे केले होते. मग तिने तो बाजूला ठेवून संगणकाला थेट कमांड देऊन पाठवून पाहिलं. कमांड अडून बसली: ईमेलच्या नियमात इतकी लांब ओळ बसत नाही.

“ती तपासणी बंद नाही का करता येत?” धाकट्याने विचारलं.

“येते की. पण वाटेतला एखादा सर्व्हर ओळ मोडेल आणि परत तेच रडगाणं. मी काही हात टेकणार नाही.”

तिने माहितीपुस्तिका पालथी घातली. शेवटी वाट सापडली: सगळा मजकूर दुसऱ्या रूपात बदलून आखूड ओळींत पाठवायचा, पलीकडचं यंत्र तो उलगडून जसाच्या तसा जोडतं. या वेळी तिने आधी स्वतःलाच ईमेल केली, आलेला पॅच वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या कोऱ्या प्रतीवर लावून पाहिला. चपखल बसला. मगच पुढे धाडला.

उत्तर आलं, “लागला. पण ‘ज्ञ’ राहिला.”

“मेल्याचं लक्ष बघ कुठे असतं!” ताई हसली. ‘ज्ञ’ घालून तिने त्याच वाटेने पुन्हा पाठवला, आणि तो स्वीकारला गेला.

नवी आवृत्ती आली त्या दिवशी धाकट्याने एक अख्खी जबानी ऐकली, एकदाही न थांबवता. चहा निवला तरी त्याला पत्ता नव्हता.

ताई शेजारीच बसली होती. त्याच प्रकल्पातल्या कुणा अनोळखी बाईने तिला लिहिलं होतं, “आमच्याही भाषेची ओळ अशीच तुटते. तुम्ही कशी पाठवलीत?”

ताईने खुर्ची पुढे ओढली आणि उत्तर लिहायला घेतलं.