रंग आलेलं प्रवाळ

भिंगाखाली प्रवाळाच्या फांदीचं टोक — करंगळीच्या नखाएवढं, गुलाबी, आणि त्यातून काहीतरी पांढरं आरपार दिसतंय, कातडीतून हाड दिसावं तसं — आणि त्यावरची ती बारीक तोंडं, रोज सकाळी केसांसारखी बाहेर येऊन पाण्यात हलणारी, आज घट्ट मिटलेली. तिने टाकीच्या काचेला नाक लावलं. पंपाची घरघर. थांबू अजून, उघडतील... उघडत नाहीत. कालही उघडली नव्हती.

गेली कित्येक वर्षं हे प्रवाळ मातकट होतं. ओल्या पोत्यासारखं तपकिरी, आणि त्या रंगात सुखात होतं, कारण तो रंग मुळात त्याचा नव्हताच. त्याच्या अंगात राहणाऱ्या शेवाळाचा होता. शेवाळ उजेड खातं आणि याला भरवतं, इतका साधा संसार. पण नवऱ्याला तो रंग बघवेना. "दिवाणखान्यात एवढी मोठी टाकी, आणि आत काय, तर गंजलेली फांदी!" म्हणून ती दातांच्या लॅबमध्ये कामाला गेलेली असताना त्याने मोबाइलवरून टाकीचा लाइट वाढवला. न विचारता, सढळ हाताने. शेवाळ भाजून निघालं, प्रवाळाने ते अंगाबाहेर टाकलं, आणि उपाशी कातडीत दडलेले रंग वर आले — गुलाबी, जांभळा, टोकांना निळसर. मरायला टेकलं की हे असं नटतं. "बघ," तो म्हणाला होता, "मी सांगत होतो की नाही, उजेडच कमी पडत होता."

तिने सांगितलं होतं. उपाशी आहे ते, म्हणाली होती. त्याने तिच्या पाठीवर थोपटलं — रागाने नव्हे हो, मायेनेच, तेच तर — "तुला ना, चांगलं झालेलं बघवतच नाही."

तेव्हापासून तिने लाइट कमी करायचा, त्याने वाढवायचा. भांडण नाही, शब्द नाही. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी मिळून एवढ्या नेमाने दुसरं काही केलं नसेल.

आज सुट्टी. नणंद जेवायला यायची होती. सकाळी तिने लाइट मंद केला होता. दाराची बेल वाजली आणि टाकी भडकली. नवरा सोफ्यावर, मोबाइल हातात.

"अगंबाई! दादा, खरं आहे हे?" खांद्यावरची पर्सही न काढता नणंदेने काचेवर बोट टेकवलं. "कसला रंग आलाय!"

"मी आणला. तुझी वहिनी त्याला अंधारकोठडीत ठेवत होती."

"आणि वहिनी, तू पण काय सुरेख दिसतेयस गं. कसली बारीक झालीस! करतेस तरी काय?"

"काही नाही. अन्न जात नाही."

"नशीब लागतं बाई. मी नुसतं पाणी प्यायले तरी अंगी लागतं."

दोघं भाऊबहीण हसली. तीही हसली... का हसले मी? दिवसभर लोकांचे खोटे दात घडवायचे, खऱ्यापेक्षा पांढरे, आणि त्या नादात आपले तेवढे दाखवायला शिकले. माणसं आंधळी असती तर परवडलं असतं. आंधळ्याचा हात धरता येतो. यांना सगळं दिसतं, आणि जे दिसतं ते आवडतं. त्याला काय औषध?

जेवणं झाल्यावर ताटं उचलता उचलता तिच्या तोंडून गेलं, "ते मरतंय."

"कोण?" नणंद दचकली.

"प्रवाळ. थोड्या दिवसांत पांढरं पडेल. मग नुसता दगड."

उरलेली खीर खाणाऱ्या नवऱ्याचा चमचा वाटीत थांबला. तिसऱ्या माणसासमोर हे ती पहिल्यांदाच बोलली होती, आणि आता तरी... क्षणभर तिला वाटलं, आता तरी.

नणंदेने टाकीकडे पाहिलं. तिचा आवाज खरंच हळुवार होता. "मग वाईट काय वाटून घेतेस गं? पांढरं तर अजूनच छान दिसतं. आमच्या शोकेसमध्ये नाही का एक! येणारा जाणारा विचारतो, कुठून आणलं म्हणून."

"तेच म्हणतो मी," नवरा म्हणाला, आणि चमचा पुन्हा चालू झाला.

दुपारी नणंद गेली. नवरा आतल्या खोलीत आडवा झाला, त्याचं घोरणं पंपाच्या आवाजात मिसळलं. ती टाकीसमोर बसली. मोबाइलवरच्या पट्टीवर बोट ठेवलं. डावीकडे सरकवायचं, की लाइट मंद. रोजचंच. पण बोट हलेना. कारण आत्ता कुठे तिला दिसलं की एवढे दिवस ती एका हाताने याला जगवत होती आणि दुसऱ्या मनाने — हो, माझ्याच — ते मरायची वाट बघत होती. पांढरं पडू दे एकदा. टाकीभर पांढरं. मग त्याला कळेल, मग तो खाली मान घालून माझ्याकडे वळेल आणि म्हणेल... काय म्हणेल, ते वाक्य तिने कितीदा घोळवलं होतं, त्याच्या आवाजात.

आता तेही गेलं. मेलं तर ते नुसतं मेलेलं असेल. छान दिसेल. कुणाचंच काही चुकलेलं नसेल.

आत गुलाबी फांद्या झगझगत होत्या. बोट पट्टीवर होतं, आणि ते सरकवायचं तर कुणासाठी, हे तिला शोधूनही सापडत नव्हतं.